हाकललेल्या माणसाची फाइल

बद्रीनाथची फाइल मी पुसली. हे सुरुवातीलाच लिहून टाकते, कारण जिथे बोलायला हवं होतं तिथे मी बोलले नाही, आणि चार पानं लिहून झाल्यावर पुन्हा कच खाईन याची मला खात्री आहे.

बद्रीनाथ भोयर यवतमाळ जिल्ह्यातला, दारव्ह्याकडचा. बाप जिनिंग फॅक्टरीत मुकादम होता. फॅक्टरीत काठीने आणि घरी पट्ट्याने, असा त्याचा कारभार. आई, विमलाबाई, मधे पडायची आणि पोरांच्या वाटचा मार खायची. बद्रीनाथ हे सगळं एकदाच बोलला, तेही चहा पिता पिता, गावचा बाजार कोणत्या वारी भरतो हे सांगावं इतक्या सहज. बी.एस्सी. झाला, २००३ साली पुण्याला आला, येरवड्यात चौघांत मिळून एक खोली घेतली आणि बुधवार पेठेत आमच्या ऑफिसात चिकटला.

ऑफिस तिसऱ्या मजल्यावर. खाली रिमोट, वायरी, सर्किटं विकणारी दुकानं आणि वर आम्ही वेबसाइटी विकणारे. त्या वर्षांत ज्याला त्याला वेबसाइट हवी होती. कशाला, हे विचारायचं नाही. आम्ही पाच माणसं होतो. माझं काम पानांची सजावट करायची आणि तयार साइट सर्व्हरवर चढवायची. मालक अवधूत मेहेंदळे, सदाशिव पेठेतले, तीन पिढ्या मास्तरकीच्या. गिऱ्हाइकाशी बोलताना तोंडात साखर आणि चूक झाली की मुलांच्या कानाखाली हात. बायकांवर ते हात उचलत नसत. आम्हाला 'आपण' म्हणत. "नीरजा, आपण डोकं घरी ठेवून आलात का?" हे असं चारचौघांत ऐकलं की वाटायचं, त्यापेक्षा थप्पड परवडली. वाटायचं तेवढंच, कारण थप्पड बसत होती दुसऱ्याला.

बद्रीनाथला सगळ्यात जास्त बसायची. तो चुका जास्त करायचा म्हणून नव्हे. तो मार चुकवायचा नाही. इतर मुलं मान वळवायची, हात आडवा धरायची, उगाच रडका आवाज काढायची. हा सरळ उभा राहायचा आणि संपायची वाट बघायचा. अशा माणसाला मारणाऱ्याचा हात आवरत नाही, हे मी त्या ऑफिसात शिकले.

आमच्याकडे दोन चाली होत्या आणि दोन्ही सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. पहिली म्हणजे प्रत्येकाने आपण लिहिलेल्या फाइलीला आपलंच नाव द्यायचं. बिघाड झाला की थप्पड कोणाला द्यायची हे सरांना शोधत बसावं लागू नये म्हणून. दुसरी म्हणजे माणूस सोडून गेला किंवा काढला, की त्याच दिवशी त्याच्या नावाचं सगळं पुसायचं. फोल्डर, फाइली, भिंतीवरचं रजेचं कार्ड, काही ठेवायचं नाही. सर त्याला 'तेरावा' म्हणत. "दुपारी अमक्याचा तेरावा उरकून घ्या," असं म्हणाले की आम्ही हसायचो. मीही हसायचे. खरं तर मीच जास्त हसायचे.

आता बद्रीनाथची फाइल. वेबसाइटवर अर्ज भरून बटण दाबलं की ते पान जातं आणि पुढचं पान येतं. ते आपसूक येत नाही, गिऱ्हाइकाला तिकडे पाठवावं लागतं. हे पाठवण्याचं काम प्रत्येक पानात वेगळं लिहीत बसण्यापेक्षा बद्रीनाथने एकदाच एक फंक्शन लिहिलं. जाताना अर्जाचा क्रमांकही बरोबर न्यायची सोय त्यात होती. इंग्रजी नावं त्याला परकी वाटायची, म्हणून अक्षरं इंग्रजी ठेवून त्याचं नाव चक्क 'पुढे_जा' असं ठेवलं. चालीप्रमाणे फाइलीचं नाव बद्रीनाथ. आमच्याकडे नवी साइट म्हणजे जुन्या साइटचं फोल्डर उचलून त्यात रंग आणि फोटो बदलायचे. त्यामुळे तीन वर्षांत बद्रीनाथ हळूहळू सगळ्या साइटींत जाऊन बसला. नर्सरी, बँड पथक, वधू-वर मंडळ, सगळीकडे बटण दाबलं की पुढे पाठवायला हाच.

२००६ च्या जूनमध्ये आम्हाला मोठं काम मिळालं. खडकवासल्याच्या अलीकडे एका शिक्षणसंस्थेचा डिप्लोमा होता. जागा एकशेवीस, आधी येईल त्याला आधी. अर्ज संस्थेच्याच हॉलमधल्या संगणकांवर, शुक्रवारी एकाच दिवशी भरायचे. अर्ज भरला की क्रमांकाची पावती छापून मिळणार, आणि ती पावती म्हणजेच प्रवेश. बद्रीनाथने महिनाभर खपून ती साइट केली. त्याची धाकटी बहीण उत्कर्षा त्याच डिप्लोमाला अर्ज करणार होती. तिला त्याने गावाहून आणून ओळखीच्या एका बाईंकडे ठेवलं होतं.

मंगळवारी संस्थेचे अध्यक्ष साइट बघायला ऑफिसात आले. पडद्यावर फाइलींची यादी उघडी होती. त्यांनी मिशीवर हात फिरवत विचारलं, "हे बद्रीनाथ काय आहे? आमच्या साइटवर तीर्थक्षेत्र कशाला?" त्यांची माणसं हसली, सरही हसले. पाहुणे जिना उतरेपर्यंत सर हसत होते. मग त्यांनी टेबलावरच्या फोनचा रिसीव्हर उचलला आणि बद्रीनाथच्या डाव्या कानावर घातला. एकदा नाही, चारदा. तेव्हाचे ते जड रिसीव्हर. तिसऱ्या फटक्याला कानातून रक्त आलं आणि चौथ्याला तो गुडघ्यावर आला. आम्ही चौघं तोंडात मिठाची गुळणी धरून उभे. मी की-बोर्डकडे बघत होते.

सर म्हणाले, उद्यापासून यायचं नाही. बद्रीनाथ कान दाबून उठला आणि एवढंच म्हणाला, "ती फाइल काढू नका सर. सगळी पानं तिच्यावर चालतात."

"बद्रीनाथाशिवाय जग चाललंय आजवर," सर म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "नीरजा, तेरावा."

मी त्याचं बोलणं ऐकलं होतं. मला ते कळलंही होतं. तरी तो जिन्यात असतानाच मी ऑफिसातल्या सगळ्या फोल्डरांतून त्याची फाइल पुसली. सरांनी सांगितलं म्हणून पुसली, हे खरं आहे. त्यांचा हात त्या दिवशी तापलेला होता आणि बायकांवर तो उठत नाही हा नियम त्यांनी कुठे लिहून दिला नव्हता, हेही खरं आहे.

तीन दिवस काही बिघडलं नाही, कारण सर्व्हरवर जुनी साइट शाबूत होती. शुक्रवारी सकाळी नऊला अध्यक्षांचा फोन आला, की पहिल्या पानावरचा आपला फोटो लहान दिसतो. मी फोटो मोठा केला. माझी पद्धत अशी, की सर्व्हरवरचं जुनं सगळं काढायचं आणि ऑफिसातलं ताजं सगळं चढवायचं. तसं केलं. फोटो छान दिसत होता. अर्ज भरून मी बघितला नाही. मग सर आणि मी गाडीने संस्थेत गेलो.

दहाला हॉल उघडला. पहिल्या मुलाने अर्ज भरला, बटण दाबलं आणि पांढऱ्या पानावर फाइल सापडत नाही अशी कुरकुर आणि तिच्याखाली एक ओळ आली, की 'पुढे_जा' नावाचं फंक्शन ठाऊक नाही. पावती नाही, क्रमांक नाही. त्याने परत दाबलं. शेजारच्या मुलीनेही दाबलं. अर्ज आत नोंदले जात होते, पण पावती छापणाऱ्या पानाकडे कोणाला जाताच येत नव्हतं. चाळीस संगणकांवर पोरं तेच बटण पुन्हा पुन्हा दाबत होती, कंटाळून एक उठलं की दुसरं बसत होतं, आणि बाहेर आवारात पाचशे माणसं उन्हात उभी होती. वाशीम, यवतमाळ, बीडकडची माणसं. कोणी रात्रभर एसटीने येऊन सकाळपासून उपाशी.

साडेअकराला पहिला दगड आला. काच फुटून तो दाराशी उभ्या असलेल्या सोनबा शिपायाच्या कपाळात बसला. सोनबा खाली बसला, हाताला लागलेलं रक्त बघितलं आणि म्हणाला, "बाई, ही मानसं काय थांबत न्हाईत. आतल्या खोलीत चला." हॉलच्या मागे सर्व्हरची लहान खोली होती. त्याने मला आत घेतलं आणि लोखंडी दार लावलं. हॉलमध्ये संगणक खाली पडू लागल्याचे आवाज येत होते. बाहेरून अध्यक्षांची माणसं हॉकी स्टिका घेऊन आली आणि त्यांनी दिसेल त्याला झोडपायला सुरुवात केली. खिडकीतून मी एका धोतरवाल्या म्हाताऱ्याला पाहिलं. तो हात जोडत होता आणि त्याच्या तोंडावर स्टिक बसली. तो ओंजळीत दात धरून बघत राहिला. त्यानंतर गर्दी मागे हटली नाही. ती पिसाळली.

मोबाइल वाजला. सर वरच्या मजल्यावर अध्यक्षांच्या केबिनमध्ये होते. म्हणाले, "नीरजा, आपण जरा बघता का काय झालंय ते." कपबशीचा आवाज ऐकू येत होता.

मी बघत होते. फंक्शन नाही तर नाही, पुढच्या पानावर पाठवण्याची साधी आज्ञा थेट पानात लिहावी म्हणून मी ती पुस्तकातून बघून लिहिली. आता दुसरीच चूक आली, की निरोप आधीच गेला आहे, आता पाठवता येत नाही. दारावर लाथा सुरू झाल्या होत्या आणि एक आवाज पुन्हा पुन्हा विचारत होता, कॉम्प्युटरवाला कोण आहे ते सांगा, बाकीच्यांना सोडतो. गर्दीला एक माणूस हवा होता. तो माणूस मी होते, आणि हे फक्त मला माहीत होतं. निदान मला तसं वाटत होतं.

तेवढ्यात मागच्या खिडकीवर टकटक झाली. बद्रीनाथ. डाव्या कानावर पट्टी, गाल काळानिळा. सोनबाने गज नसलेली खिडकी उघडली आणि तो आत उतरला. उत्कर्षाला भिंतीच्या आडोशाला उभं करून आलो म्हणाला. तिचा अर्ज अडकलाय, पडद्यावरची ओळ तिने सांगितली तेव्हाच काय झालं ते समजलं. उजव्या बाजूने बोला, डावीकडून ऐकू येत नाही, हेही सांगितलं.

मी खुर्ची सोडली. तो बसला, यादी उघडली, खाली-वर केली.

"ताई, शेवटचं अपलोड कोणी केलं?"

"सरांनी," मी म्हटलं.

तो क्षणभर पडद्याकडे बघत राहिला. "बरं," म्हणाला आणि कामाला लागला.

ती दहा मिनिटं माझ्या अंगावर अजून काटा आणतात. दाराची वरची बिजागरी निघाली होती. सोनबा पाठ लावून दाराशी बसला होता आणि प्रत्येक लाथेबरोबर त्याचं डोकं पुढे हिसकत होतं. बद्रीनाथने नवी फाइल उघडली आणि पुसलेलं फंक्शन पहिल्या ओळीपासून आठवून लिहिलं. माझा उपाय का फसला हेही त्याने लिहिता लिहिता सांगितलं. पत्ता बदलायचा तर पाकीट पेटीत टाकायच्या आधी बदलावा लागतो. फाइल सापडत नाही अशी कुरकुर पानाने आधीच समोरच्याकडे पाठवली होती, म्हणजे पाकीट पेटीत पडलं होतं. आधी ती कुरकुर थांबवायची, मग फंक्शन द्यायचं, मग पान पुढे जाईल. तसं झालं. मग ज्यांनी दहा-दहा वेळा बटण दाबलं होतं त्यांची पहिली नोंद ठेवून बाकीच्या त्याने काढल्या, म्हणजे रांगेतला नंबर ज्याचा त्याला राहील. सर्व्हरच्या खोलीतलं छपाईयंत्र खरखरलं आणि पावत्या पडू लागल्या. उत्कर्षाचा क्रमांक एक्केचाळीस होता. तो त्याने दोनदा वाचला.

सोनबाने ओरडून सांगितलं, की पावत्या निघाल्या. लाथा थांबल्या. दार उघडून आम्ही टेबल आडवं लावलं आणि बद्रीनाथ नावं पुकारू लागला. माणसं खरंच रांगेत उभी राहिली. ज्यांच्या हातात मघाशी दगड होते तेच पावती घेताना वाकत होते. माझा जीव भांड्यात पडला.

आणि मग लाउडस्पीकर सुरू झाला. सरांचा आवाज, स्वच्छ, शुद्ध, शाळेच्या स्नेहसंमेलनातला. झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. मंगळवारी आम्ही कामावरून काढलेल्या बद्रीनाथ भोयर नावाच्या इसमाने सूडबुद्धीने महत्त्वाची फाइल नष्ट केली, हे आपल्या निदर्शनास आणू इच्छितो. अध्यक्ष शेजारीच उभे असणार. कंत्राट टिकवायचं होतं, त्यासाठी एक नाव हवं होतं, आणि ज्याचा तेरावा आधीच घातला आहे त्याचं नाव सगळ्यात स्वस्त.

रांगेतला एक दांडगा माणूस पुढे आला. त्याचा शर्ट खांद्यावर फाटला होता. त्याने बद्रीनाथला विचारलं, "तू कोण?"

मी बद्रीनाथपासून हातभर अंतरावर होते. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी पावत्यांचा गठ्ठा सरळ करत होते, आधीच सरळ असलेला.

"बद्रीनाथ भोयर," तो म्हणाला.

पुढचं थोडक्यात लिहिते. पहिला ठोसा तोंडावर, मग टेबलावरून ओढून खाली, मग लाथा. तुटलेल्या खुर्चीचा पाय कोणीतरी घेतला. तो नेहमीसारखाच, हात आडवा न धरता पडून होता. "याच हातानं केलं ना," असं म्हणून दोघांनी त्याचा उजवा हात लोखंडी दाराच्या चौकटीत धरला आणि तिसऱ्याने दार लावलं. तो आवाज मी ऐकला. बद्रीनाथ ओरडला तोही ऐकला. सोनबा मधे पडला, त्यालाही पुन्हा लागलं. उत्कर्षा गर्दी फाडत आली आणि भावाच्या अंगावर पडली, तेव्हा ते थांबले. मी गठ्ठा छातीशी धरून भिंतीला टेकले होते. माझ्या अंगाला बोटही लागलं नाही.

चोर सोडून संन्याशाला फाशी, असं आपण म्हणतो. ते बोलताना चोर कुठे उभा असतो हे कोणी विचारत नाही. पोलिसांनी अज्ञात जमावावर गुन्हा नोंदवला. माझा जबाब झाला. फाइल कोणी पुसली याची मला कल्पना नाही, असं मी त्यात सांगितलं आणि खाली सही केली. सरांनी संध्याकाळी मला गाडीने घरापर्यंत सोडलं.

बद्रीनाथ आता अमरावतीला असतो, शाळेत संगणक शिकवतो आणि डाव्या हाताने टाइप करतो असं ऐकलं आहे. उत्कर्षाने तो डिप्लोमा पुरा केला. पण मला सांगायचं आहे ते सोमवारचं. सोमवारी सकाळी ऑफिसला जायच्या आधी मी सरकारी दवाखान्यात गेले. तीन रात्री डोळ्याला डोळा नव्हता. माझ्यासाठीच गेले असणार, त्याच्यासाठी नव्हे.

त्याच्या हाताला कोपरापर्यंत प्लास्टर होतं आणि उत्कर्षा त्याला चमच्याने चहा पाजत होती. मी बसले नाही. उभ्या उभ्याच सांगून टाकलं, की फाइल मी पुसली, शुक्रवारचं अपलोड माझं, आणि तू विचारलंस तेव्हा मी खोटं बोलले.

उत्कर्षाने पेला खाली ठेवला आणि मला एक थोबाडीत दिली. पोरीचा हात जड होता. चष्मा शेजारच्या खाटेखाली गेला. तिने दुसऱ्यांदा हात उचलला.

"राहू दे उत्कर्षा," बद्रीनाथ म्हणाला. ओठ सुजल्याने शब्द नीट फुटत नव्हते. "मले तिथंच समजलं होतं. सर्व्हरवर ताईचं नाव होतं, टाइमासकट."

"मंग बोलला काहून नाही तू?"

"लोकायले कोनी तरी पायजेच होतं," तो म्हणाला. "मी नाही म्हनलो असतो, तं ते ताईवर गेले असते."

उत्कर्षाचा हात तसाच वर राहिला, मग खाली आला. तिने वाकून खाटेखालून माझा चष्मा काढला, ओढणीने पुसला आणि माझ्या हातात दिला.

"जा तुम्ही आता," ती म्हणाली.

मी गेले. साडेदहा वाजून गेले होते आणि ऑफिसला उशीर झाला होता.